नव्या पीसीत फक्त बी चॅनलला रॅमच्या एरर, कुठे पाहू?

मदत हवी आहे. रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ स्टिक, ए२-बी२ स्लॉटमध्ये (ए आणि बी म्हणजे प्रोसेसर ते रॅम असे दोन मार्ग, चॅनल). विंडोज टाकताना फाइल करप्ट, मग निळी स्क्रीन. एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) बंद, ४८०० च्या वेगावर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावलं, तरी एररच्या लाल ओळी. एकेक स्टिक तपासली: ए२ मध्ये दोन्हींचे चारही पास स्वच्छ, बी२ मध्ये दोन्हींना एरर. बायॉस नवं, स्लॉट साफ. दुकानदार रॅम बदलून द्यायला तयार आहे, पण दोष तिचा दिसतच नाही!

संशय सॉकेटच्या वाकड्या पिनवर, नाहीतर कूलरच्या स्क्रूंच्या असमान दाबावर. पिन वाकली तर स्टिक दिसणंच बंद होतं, की अशा एररही येतात? दुसरा बोर्ड हाताशी नसताना प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर (रॅम हाताळणारा भाग) आणि बोर्ड यांत दोषी कोण, हे कसं ठरवायचं?