फ्रान्समध्ये कार्पसाठी बुक केलेलं तळं पुरात, जावं का? (सल्ला हवा)

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. मुलगी-जावई फ्रान्समध्ये दिजोंला असतात. मे महिन्याच्या मध्याला जातोय. जावयानं सोन नदीच्या खोऱ्यातलं एक खाजगी तळं बुक केलंय, फक्त कार्प, पकडून परत सोडायचे. आता मालकाचा मेल आलाय की नदीचं पाणी तळ्यात शिरलंय, बसायच्या निम्म्या जागा बुडाल्यात. हवं तर ऑगस्टमध्ये या, पैसे परत मिळणार नाहीत. माझा अनुभव बारवी-भातसाकडचा, रोहू-कटला, कणकेचा गोळा. पुराच्या पाण्यात कार्प लागतो का? आणि सामान इथून न्यावं का? बजेट ४० हजार, विमानाचं तिकीट सोडून बाकी सगळं त्यात.

रोहूप्रेमी_कोपरखैरणे
आधी रॉड चांगला घ्या, बाकी सगळं नंतर. माझा सेट १२ फुटी कार्प रॉडची जोडी, बेटरनर रिळं (मासा ओढू लागला की दोरी मोकळी सोडणारी), मासा लागल्याचा अलार्म मिळून सत्तरच्या घरात गेला. पण वस्तू हातात घेतली की कळतं. एक जोडी जास्तीची आहे, नुसते रॉड ३२ हजारांत देईन.

कळव्याचा_नाना
त्यांनी चाळीसमध्ये सगळं म्हटलंय, तू बत्तीसचे रॉडच गळ्यात मारतोयस. दोन तुकड्यांचा १२ फुटी रॉड म्हणजे सहा फुटांचं नळकांडं. माझं एका विमान कंपनीनं 'जास्त लांब' म्हणून अडवलं, वर पैसे घेतले आणि पोचलं तेव्हा टोक मोडलेलं. न्यायचाच तर चार तुकड्यांचा न्या. नाहीतर तिकडे भाड्यानं घ्या, बऱ्याच तळ्यांवर मिळतो.

घणसोली_खाडीवाला
पाणी चढलंय म्हणजे चांगलंच की! आमच्याकडे पहिल्या पावसात वलगणीला मासा खाचरात चढून येतो, बायामाणसं पाग्यानं (फेकजाळ्यानं) धरतात. कार्पही तसाच वर चढणार. गळाला गांडूळ लावा, लांब फेकायची गरज नाही.

कळव्याचा_नाना
वलगणीचा मासा वाहत्या पाण्यावर चढतो. तळ्यात कुठला प्रवाह?

घणसोली_खाडीवाला
नदी शिरलीय तळ्यात, नाना. वाचा तरी.

मीनल_सीवूड्स
नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बरीच वर्षं तिकडे होतो, आणि गळाचं वेड माझं आहे, त्याचं नाही. खाडीवाले दादा निम्मे बरोबर आहेत. नव्यानं बुडालेल्या गवतात गांडुळं, किडे बाहेर येतात आणि कार्प फूट-दोन फूट पाण्यात अगदी काठाशी चरतो. पाणी गढूळ असल्यानं त्याला वासावर शोधावं लागतं, म्हणून उग्र वासाचं आमिष, गांडुळाची जुडी. सगळे ऐंशी मीटरवर फेकत बसतात आणि मासा त्यांच्या पायाशी असतो.

पण तीन गोष्टी बघा. एक, पाणी कशानं चढलंय. कोमट पावसानं चढलं तर मासा खातो, थंड पाणी आलं तर तोंड उघडत नाही. दोन, पाणी चढतंय की उतरतंय. उतरायला लागलं की मासा उथळातून लगेच खोलात सरकतो, काल जिथे लागला तिथे आज काही नाही. सोनचं खोरं इतकं सपाट आहे की पूर ओसरायला वेळ लागतो. व्हिजिक्रू म्हणून त्यांची सरकारी पूर-सूचना साइट आहे. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे टप्पे दाखवते, रोज बघा. तीन, मे म्हणजे अंडी घालायचा काळ. पाणी १८-२० अंशांवर गेलं की बुडालेल्या गवतातच खळबळ दिसेल. तेव्हा मासा खात नाही, आणि त्याला छळूही नये.

शिवाय बुडालेली झुडपं, तारेची कुंपणं. तंगूस (गळाची दोरी) जाड घ्या, रॉड सोडून झोपायला जाऊ नका.

रोहूप्रेमी_कोपरखैरणे
मी पण जाड तंगूसच म्हणणार होतो. आणि रॉडही तसा दमदार लागतो, माझे आहेत तसे.

डॉ_पाचपाखाडी
पुराचं पाणी, उंदीर, चिखल. लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) फक्त ठाण्यात होतो असं नाही. पायाला जखम असेल तर गमबूटाशिवाय उतरू नका, परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पुरात उतरल्याचं आवर्जून सांगा.

बेलापूरचा_बाप्पा
फ्रान्सचं सोडा, बँकॉकला जा. साडेचार तासांत पोचता, तळ्यावर मेकाँगचा राक्षसी कॅटफिश आणि सियामी कार्प, बायको शॉपिंगला. चाळीसमध्ये बसेल.

मीनल_सीवूड्स
मुलगी दिजोंला आहे हो त्यांची.

बेलापूरचा_बाप्पा
मुलीला बँकॉकला बोलवा. फक्त सप्टेंबर-ऑक्टोबर टाळा. २०११ च्या पुरात तिकडची काय अवस्था झाली होती ते आठवा.

सायप्रिनस_डोंबिवली
खाजगी तळ्यापेक्षा लाक द्यु दैर हा फ्रान्समधलाच मोठा तलाव बघा. ४८ चौरस किलोमीटर, १९७४ मध्ये मार्न नदीचे पूर अडवायला केलेलं. हिवाळ्यापासून भरतात, उन्हाळ्यात पॅरिसकडच्या नदीला पाणी सोडत रिकामं करत जातात. म्हणजे मे महिन्यात ते जवळजवळ भरलेलंच असतं, काठची झाडं पाण्यात. पूर वगैरे काही नाही, वेळापत्रकच तसं. त्यात तीन गावं बुडाली.

घणसोली_खाडीवाला
आपल्या मोरबे धरणातही गावं बुडालीत, त्यावर कोण लिहितं?

कळव्याचा_नाना
त्याचा वेगळा धागा काढा.

मीनल_सीवूड्स
दैर सार्वजनिक पाणी आहे, तिथे मासेमारीचं कार्ड काढावं लागतं, दिवसाचं किंवा आठवड्याचंही मिळतं. आणि फ्रान्समध्ये सार्वजनिक पाण्यावर रात्री कार्प फक्त ठरवून दिलेल्या पट्ट्यांतच. खाजगी तळ्याचे नियम मालकाचे. त्याला विचारा, नदीतून तळ्यात आणि तळ्यातून नदीत किती मासे गेले? कुंपणावरून पाणी गेलं असेल तर तुमचे वीस किलोवाले कदाचित सोनमध्ये फिरत असतील. आणि शेंगदाण्याची पेंड नेऊ नका, पुष्कळ ठिकाणी शेंगदाणा चालत नाही. दुधाचे पदार्थ असलेलं आमिष तर विमानतळावरच काढून घेतील.

घोडबंदरकर
सगळ्यांचे आभार. मालकाला विचारलं. कुंपणावरून पाणी गेलं नाही म्हणतो, एका पाइपातून शिरलं. त्याच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा ते कळत नाही, पण तारीख तीच ठेवतोय. जावयाची रजा ऑगस्टमध्ये मिळणार नाही. दैर लांब पडतं, बँकॉक बायकोनं ऐकल्यापासून घरात वेगळाच धागा सुरू झालाय. रॉड नेत नाही, तिथलेच भाड्यानं. गमबूट मात्र गावदेवीतून घेतले. आमिष कणकेचंच, लसूण आणि हिंग घालून. हसा खुशाल.

मीनल_सीवूड्स
काठाशी टाका एवढं तरी ऐका.

कळव्याचा_नाना
@रोहूप्रेमी, ते रॉड चार तुकड्यांचे आहेत का? अठ्ठावीसला देणार असशील तर निरोप टाक.