मदत हवी आहे: मे महिन्यात मॉरिशस, सोबत आई-बाबा

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यातले, पाचपाखाडीचे. मेच्या सुट्टीत आठ दिवस मॉरिशसला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, सातवीतली लेक आणि आई-बाबा. आईचे गुडघे दुखतात (तलावपाळीची एक फेरीसुद्धा दोनदा बसून होते), पण तिथल्या गंगा तलावाला (हिंदूंचं पवित्र तळं) जायचंच म्हणते. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, हे कळल्यापासून तर ती बॅग भरूनच बसलीय! बाबांना पोर्ट लुईचा आप्रवासी घाट बघायचाय. गिरमिटिया (करारावर नेलेले) भारतीय मजूर जिथे उतरले, त्या पायऱ्या.

राहायचं कुठे, यावर घोडं अडलंय. उत्तरेला ग्रँड बे की पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाक? मेमध्ये तिकडे थंडीची सुरुवात, पूर्व किनाऱ्याला वारा जास्त, म्हणून तो बाजूला ठेवलाय. गाडी डावीकडूनच चालते, तर स्वतः चालवू की ड्रायव्हरसकट घेऊ? आणि आई पूर्ण शाकाहारी. तिथली ढोल पुरी म्हणजे चणाडाळ भरलेली, बिनगुळाची पुरणपोळीच म्हणे, पण त्यावर आठ दिवस निघतील का? की पिठलं-भाताची पाकिटं न्यावीत?

ज्येष्ठांना घेऊन जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा. टूरवाल्यांचे नंबर नकोत, प्लीज.