शाळेतल्या निबंध स्पर्धेतून तुम्हाला काय मिळालं? (बक्षीस सोडून)

लेक सातवीत आहे. बाईंनी तिचं नाव निबंध स्पर्धेत घातलंय. "नंबर येणार नाही हे माहीतच आहे, मग कशाला लिहू?" असं ती विचारते. मला चटकन उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा. स्पर्धेने वाटोळं केलं असेल तर तेही सांगा.

सुरुवात माझ्यापासून. सहावीत असताना तालुक्याला स्पर्धा होती. मी 'माझा आवडता ऋतू' घोकून गेले आणि फळ्यावर विषय आला 'पावसाळ्यातील एक रात्र'. पाठ केलेलं सगळं फुकट! शेवटी घर कसं गळायचं ते लिहिलं. कुठल्या थेंबाखाली पातेलं, कुठल्या थेंबाखाली परात, आणि आजी आपलं अंथरूण सरकवत सरकवत थेट चुलीपाशी. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, स्टीलची वाटी. तिच्यावर माझं नाव चुकीचं कोरलेलं. आमच्या घराचं कुणी वाचेल असं त्याआधी कधी वाटलंच नव्हतं.

*

मी नेमका उलट्या बाजूचा. आमच्या सरांनी निबंध लिहून द्यायचा, मी वळणदार अक्षरात उतरवायचा. चार वर्षं जिल्ह्यात पहिला. कपाटात ढाली अजून आहेत. कॉलेजात पहिल्यांदा स्वतःचं काही लिहायला बसलो तेव्हा अर्धा तास नुसता समास आखत होतो. सरांचा हेतू वाईट नव्हता, शाळेचं नाव व्हायला हवं होतं. पण मुलीला कुणी 'मुद्दे' काढून देत असेल तर तेवढं थांबवा.

*

वरच्या प्रतिसादाला दुजोरा. मी झेडपी शाळेत शिक्षिका आहे, केंद्रावर निबंध तपासायला बसते. साठ वह्यांपैकी चाळीसांत तोच सूर्य उगवतो, तीच पाखरं किलबिलतात. मग एखादा पोरगा लिहितो, 'आमची म्हैस आटली म्हणून यंदा सहल नाही.' शुद्धलेखन भयानक, पण आम्ही तिघंही परीक्षक तिथेच थांबतो. नंबर मात्र बरेचदा सुवाच्य अक्षराला जातो, हे कबूल करते. त्यावरून माझे दरवर्षी वाद होतात.

*

निबंध कंटाळवाणा वाटत असेल तर पत्र लिहायला सांगा. पोस्ट खात्याची 'ढाई आखर' स्पर्धा असते. २०२४ला विषय होता लेखनाचा आनंद आणि डिजिटल युगात पत्रांचं महत्त्व. पत्र हातानेच लिहायचं, मराठीत चालतं. आंतर्देशीय पत्रावर ५०० शब्दांपर्यंत, पाकिटातून पाठवायचं तर ए-फोर कागदावर १००० पर्यंत. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचा गट वेगळा.

माझ्या भाच्याने आंतर्देशीय घेतलं. त्याचं अक्षर हे एवढं मोठं! 'प्रिय आजोबा, सप्रेम नमस्कार, आपण सर्व कुशल असाल' यातच पाव पान गेलं आणि मुद्द्यावर येईतो घडीची रेघ आली. तीन पत्रं वाया घालवली. चौथ्यात नमस्कार एका ओळीत उरकून तो थेट आजोबांच्या सायकलवर आला. कापाकापी कशी करायची हे मला नोकरीत साहेबाच्या शिव्या खाऊन कळलं, याला बाराव्या वर्षी कळलं. पत्ता चीफ पोस्टमास्तर जनरलांचा, तेव्हा पिनकोड कुठे लिहितात हेही त्याला पहिल्यांदाच समजलं. नंबर आला नाही. आजोबांनी मात्र चौथ्या पत्राची झेरॉक्स मागून घेतली.

*

जागतिक टपाल संघाचीही मुलांसाठी पत्रलेखन स्पर्धा आहे, १९७१पासून. वय ९ ते १५. सातवीतली मुलगी बसते त्यात.

*

मला मिळालेला फायदा अगदी साधा: घड्याळ लावून लिहिण्याची सवय. बोर्डाच्या पेपरात उपयोजित लेखन शेवटी येतं आणि तिथे पोरांचा वेळ संपतो. माझा कधी संपला नाही. बाकी साहित्यिक वगैरे झालो नाही, एसटीत नोकरी करतो. डेपोतले सगळे अर्ज मात्र माझ्याकडून लिहून घेतात, चहावर.

*

(धागाकर्ती) सगळ्यांचे आभार. लेकीला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. म्हशीवर ती खूप हसली. मग माझी वाटी बघायला मागितली. मिसळणाच्या डब्यातून काढून दिली, मोहरी असते तिच्यात. उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "नाव मी त्यांना आधीच नीट लिहून देईन."