चेक इंजिनचा दिवा, कोड पी०१७१: ऑक्सिजन सेन्सर बदलू का?

कासारवडवलीकर
नमस्कार मंडळी. २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, सीएनजी नाही. घोडबंदर रोडने रोज ऐरोलीला जातो. चेक इंजिनचा दिवा लागलाय. कापूरबावडीच्या गर्दीत उभं राहिलं की आरपीएम वर-खाली होतो, एसी लावला की गाडी थरथरते. मोकळ्या रस्त्यावर मात्र मस्त पळते. ब्लूटूथवाला ईएलएम३२७ (गाडीच्या पोर्टला लावून मोबाइलवर कोड वाचायचा ॲडॅप्टर) लावून बघितला, पी०१७१ आला. गॅरेजवाले म्हणतात पुढचा ऑक्सिजन सेन्सर गेला. बदलून टाकू?

वागळेचा वायरमन
थांबा! सेन्सर बदलू नका आणि कोडही खोडू नका, नाहीतर फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणाच्या आकड्यांची नोंद, जाईल. पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. ही खबर ऑक्सिजन सेन्सरनेच ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, दिली आहे. त्यालाच काढून टाकणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. आमच्या धंद्यात हे रोज चालतं, त्याचं वाईट वाटतं.

इंजिन गरम करा, एसी बंद. शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (साठत आलेला) फ्युएल ट्रिम काढा, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतं-घटवतं तो आकडा, आणि दोन्हींची बेरीज करा. आधी आयडलला (गाडी उभी, ॲक्सिलरेटरवर पाय नाही), मग २५०० आरपीएम धरून. अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर सहसा ठीक. आयडलला खूप आणि २५०० ला कमी, तर कुठून तरी हवा ओढतेय. फट तेवढीच असते, पण आयडलला इंजिन मुळात हवा कमी घेतं म्हणून ती जास्त जाणवते. उलट भार पडल्यावर आकडा चढला तर पेट्रोलचं प्रेशर बघायचं.

एअर फिल्टरनंतरच्या पाइपवर एमएएफ सेन्सर, म्हणजे आत येणारी हवा मोजणारा, आहे ना? नुसत्या मॅप सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) गाडीत अशी हवा शिरली तर बहुधा आयडल चढतो, लीन कोड येईलच असं नाही.

कासारवडवलीकर
एमएएफ आहे. आयडलला शॉर्ट +९, लाँग +१६. २५०० ला +१ आणि +५. फ्रीझ फ्रेममध्ये ७२० आरपीएम, ८९ डिग्री, वेग शून्य.

वागळेचा वायरमन
२५ वरून ६. हवाच. कोडही आयडललाच पडलाय. आता इंजिन चालू ठेवून पीसीव्हीची नळी (इंजिनच्या पोटातला वायू परत आत नेणारी) आणि ब्रेक बूस्टरची नळी एकेक करून मॅनिफोल्डजवळ (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाजवळ) हलक्या हाताने दाबा, नजर शॉर्ट टर्मवर. जिथे आकडा झटकन उतरेल तिथे चीर. गाडी हँडब्रेकवर, हात बेल्ट-पंख्यापासून लांब. गरम इंजिनवर कार्ब क्लीनर मारून शोधायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, भडका उडतो.

कोपरखैरणे_से१५
ॲपमध्ये तेवढे दोन-तीनच आकडे लावा. स्वस्त ईएलएमवर दहा लावले की आकडे रेंगाळतात. आणि काम झालं की ॲडॅप्टर काढा, त्या पोर्टला चावी बंद असली तरी करंट असतो.

कासारवडवलीकर
सापडलं! पीसीव्हीची नळी, मॅनिफोल्डकडच्या टोकाला खालच्या बाजूने चिरलेली. वरून अगदी धड दिसत होती. दाबली आणि शॉर्ट टर्म +९ वरून उणेमध्ये गेला. नवीन नळी मागवलीय. मनापासून आभार.

वागळेचा वायरमन
छान. क्लिपही नवीन घ्या. बसवल्यावर कोड खोडा, दोन-चार दिवस नेहमीसारखी चालवा आणि लाँग टर्म किती आलाय ते इथे टाका.