मदत हवी आहे: सँडी हूकच्या किनाऱ्यासाठी मराठी फलकाचा मजकूर

न्यू जर्सीतल्या सँडी हूकला उन्हाळ्यात आपली बरीच मराठी मंडळी जातात. तिथेच पायपिंग प्लोव्हर हा पक्षी, म्हणजे आपल्या चिखल्याचा भाऊबंद, उघड्या वाळूवर चार अंडी घालतो. 1986पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. मार्चअखेर ते ऑगस्ट हा हंगाम. घरट्याभोवती खुंट आणि दोरी लावतात, साधारण 50 मीटर अंतर ठेवून.

अडचण दोरीच्या बाहेर आहे. पिल्लं जन्मल्यावर काही तासांतच चालू लागतात आणि दोरीखालून निघून भरतीरेषेच्या कचऱ्यातले किडे टिपायला पाण्याकडे येतात. उडायला त्यांना जवळपास महिना लागतो. तोवर मुलांनी खणलेला खड्डा किंवा गाडीच्या चाकाची चाकोरीही त्यांना अडकवते. सांडलेल्या चिवड्यावर सीगल आणि कावळे जमतात, मग तेच पिल्लं उचलतात. पतंग तर त्यांना ससाणाच वाटतो. पक्षी अंड्यांवरून उठतो आणि भर उन्हात अंडी भाजतात. म्हणून पतंग 200 मीटर लांब हवा, म्हणजे अडीचशेहून जास्त पावलं.

हे सगळं चार ओळींत कसं बसवावं? ‘प्रवेश निषिद्ध’ लिहिलं की लोक दोरी तेवढी पाळतात, पाण्याकाठी मात्र बिनधास्त धावतात. आजी-आजोबांना आणि सात-आठ वर्षांच्या मुलांना एकदम कळेल अशी वाक्यं सुचवा. ‘व्रॅक लाइन’ला, म्हणजे भरतीने किनाऱ्यावर सोडलेल्या कचऱ्याच्या रेषेला, कोकणात कुणी नेमका शब्द वापरतं का? शिवाय जूनच्या शनिवार-रविवारी दोन-दोन तास दोरीजवळ उभं राहून मराठीत समजावणारे कुणी असतील तर कृपया कळवा.