अकरावीला पेंटिंग घेतलं, पण थिअरी नुसती घोकणं चाललंय. काय करावं?

मनीषनगरची_आई:
आम्ही नागपूरचे. मुलीने सीबीएसई अकरावीला पेंटिंग घेतलंय, प्रॅक्टिकल ७० नि थिअरी ३०. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड होती, हात चांगला आहे, वस्तुचित्र तर झकास करते. गाडी अडते थिअरीत. मोहेंजोदडो, अजिंठा सगळं गाइडमधनं पाठ, आणि 'लयबद्ध रेषा, संतुलित रचना' हेच प्रत्येक उत्तरात, मग ते शिल्प असो का चित्र. पुढे बीएफए, म्हणजे चित्रकलेची पदवी, करायचं म्हणते. रसग्रहणाचा क्लास लावू का?

खडू_डस्टर:
क्लास राहू द्या. तिला विचारा, ती मोहेंजोदडोची नर्तकी, ब्राँझची मूर्ती, केवढी आहे? वर्गात निम्मी पोरं दोन-तीन फूट सांगतात कारण पुस्तकात पानभर फोटो असतो. आहे जेमतेम साडेदहा सेंटिमीटर, नव्या पेन्सिलीपेक्षा बुटकी. आता शाडूची तेवढीच उभी करायला लावा, उजवा हात कमरेवर, डाव्या हातात पार वरपर्यंत बांगड्या, गुडघा जरासा वाकलेला. कंबर नि कोपर यांच्यामधली मोकळी जागा करायला गेली की हात मोडणारच, दोनदा मोडला की आधी मेणात घडवून मग धातू का ओतला ते वेगळं शिकवावं लागत नाही. पोरगी हाताने शिकणारी आहे तर थिअरीपण हातानेच शिकू द्या ना.

बर्डीवाला:
सर म्हणतात ते खरं आहे पण ताई, पेपर तपासणारा शाडू पाहात नाही. चित्राचं नाव, चित्रकार, काळ, माध्यम, शैली, सध्या कुठं ठेवलंय, हे नाही लिहिलं त मार्क कुठून येतीन? तेवढं पाठ करावंच लागते बाप्पा. पोट्टीले म्हणा हे पाठ कर, बाकीचं डोळ्यानं पाहून लिही. अन् बीएफएच्या सीईटीत वस्तुचित्र, स्मरणचित्र (आठवणीतून काढायचं), संकल्पचित्र (डिझाइन) आहे, सोबत जीकेचा पेपर. स्मरणचित्र बसल्या जागी नाही येत, इतवारीच्या बाजारात शनिवारी संध्याकाळी स्केचबुक घेऊन उभं रहा म्हणा, हातगाडी ओढणाऱ्याची पाठ कशी वाकते ते पाहा.

पाण्याचा_डबा:
मी सध्या बीएफए करतेय, माझं थोडं. बारावीत राजस्थानी किशनगढ शैलीतलं बणी-ठणीचं चित्र येईल, निहालचंदचं. तिची नुसती कॉपी कर म्हणावं, रंग नको, फक्त बाजूचा चेहरा पेन्सिलने. आपला हात सवयीने नॉर्मल डोळा काढतो आणि चेहरा लगेच बिघडतो, कारण तो डोळा कमळाच्या पाकळीसारखा वर वळत गेलाय, भुवईपण त्याच्यासोबत चाललीय नि हनुवटी टोकदार. हे एकदा हाताखालून गेलं की 'लयबद्ध रेषा' लिहिलं तरी चालेल, कारण कुठली रेषा ते तिला सांगता येईल.

आणि अजिंठ्याला जाणं झालं नाही तरी रामटेक आहे की. अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी, हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातला मानतात, आणि वाकाटकांची दुसरी शाखा रामटेकजवळच्या आपल्या नगरधनला, तेव्हाचं नंदिवर्धन. रामटेकच्या गडावरचं केवल नरसिंहाचं देऊळ त्याच काळातलं. लोक रामाचं दर्शन घेऊन सरळ खाली उतरतात, तिथे कोणी थांबतच नाही. सकाळी ऊन चढायच्या आधी जा, तिथे बसून काढायला शांत मिळतं. मूर्ती काढायला लागेल अजब बंगला, आपलं म्युझियम, दोन-तीन तास एकाच शिल्पासमोर बसायचं, सगळी दालनं फिरत बसायचं नाही.

मनीषनगरची_आई:
रविवारी रामटेक नक्की. बर्डीवाला भाऊ, पाठ करायचे मुद्दे वहीत उतरवले. पण शाडू आता कुठे मिळेल, गणपती तर होऊन गेले?

बर्डीवाला:
महालात चितार ओळीत जा न ताई. मूर्तिकारायपाशी उरलेली राहते, विचारून पाहा. अन् पोट्टीले सोबत न्या, तिथं काम चालू असलं त हात कसा चालते ते दिसते.

खडू_डस्टर:
ओली माती प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवा, आपल्याकडच्या हवेत दुपारपर्यंत दगड होते.