पोरांचा सिनेमा म्हणून काहीही? ('स्पाय किड्स ३-डी'वरून)

लोलक
'स्पाय किड्स ३-डी' या हॉलिवूडच्या पोरा-हेरांच्या सिनेमावरच्या कालच्या धाग्यावर एकाने ठणकावलंय: "पोरांचा सिनेमा आहे, डोकं बाहेर ठेवा, चष्मा लावा, मजा घ्या." उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

पोरांचा आहे म्हणूनच तर राग आहे. २००१च्या पहिल्या भागात यंत्रंबिंत्रं होतीच, पण आईबाबांना सोडवायला निघालेले कार्मेन आणि ज्युनी हे बहीणभाऊ वाटेत भांडायचे आणि सिनेमा त्या भांडणावर चालायचा. २००३च्या तिसऱ्या भागात, म्हणजे या '३-डी'त, कार्मेन व्हिडिओ गेमच्या चौथ्या लेव्हलवर अडकलेली. म्हणजे जोडीच फोडली. उरलं काय, तर हिरव्या पडद्यापुढे (मागचं चित्र नंतर भरतात तो) उभा केलेला ज्युनी आणि आपल्या नाकावर येणाऱ्या वस्तू.

बरं, त्या वस्तू फुकट येत नाहीत. एखादी गोष्ट पडद्याबाहेर काढायची तर ती चौकटीच्या मधोमध लागते. कडेला कापली गेली की 'ही चौकटीच्या मागे आहे' आणि 'ही पुढे आहे' असे दोन्ही निरोप मेंदूला एकदम मिळतात आणि सगळी मजा मरते. डोळे तिच्यावर जमायलाही वेळ लागतो, म्हणून शॉट ताणायचा. तोवर पात्रांनी काय करायचं? बघत उभं राहायचं. कोण कुठे उभा, किती वेळ उभा, हे गोष्ट ठरवतच नाही.

पॉपकॉर्नपंथी
३ कोटी ८० लाख डॉलर खर्च, जगभरातला गल्ला १९ कोटींच्या वर. पोरांनी मत दिलंय. तुमचा हा निबंध कुणी तिकीट काढून वाचेल का? आणि ज्युनीचे चाकाच्या खुर्चीतले आजोबा (नट रिकार्डो मोंटालबान!) गेममध्ये शिरताच चालू लागतात, ते सोयीस्कर विसरलात वाटतं.

लोलक
आजोबा मान्य. आता सांगा, त्या प्रसंगाला चष्मा लागतो?

निळसर
दोघांचं भांडण भलतीकडेच चाललंय. त्रिमितीचा दोष नाही, तांबड्या-निळ्या चष्म्याचा आहे. डाव्या डोळ्यावर तांबडी काच, उजव्यावर निळसर, म्हणजे रंगावरून प्रत्येक डोळ्याला आपापलं चित्र. लाव्हावर सर्फिंग करतात तो प्रसंग घ्या. भडक केशरी लाव्हा तांबड्या काचेतून लख्ख दिसणार, निळसर काचेतून जवळजवळ काळा. मेंदूला दोन्हींचा मेळ घालता येत नाही, तो आळीपाळीने एकेक दाखवतो आणि लाव्हा लुकलुकतो. हे टाळायचं तर चित्रातला रंग आधीच उतरवावा लागतो. थोडक्यात, लुकलुकता लाव्हा नाहीतर राखेच्या रंगाचा लाव्हा. घ्या निवडून.

जुनाप्रोजेक्टर
मग काय हवं होतं, पोलराइज्ड (रंगाऐवजी प्रकाशलहरींच्या दिशेवरून, म्हणजे ध्रुवीकरणावरून, डावं-उजवं वेगळं करणारा चष्मा)? त्याला चंदेरी पडदा लागतो, साध्या पांढऱ्या पडद्यावर ध्रुवीकरण मोडतं. वर दोन प्रोजेक्टर किंवा खास भिंग. तांबड्या-निळ्याला नेहमीची ३५ मिमीची रिळं, नेहमीचा प्रोजेक्टर आणि कागदी चष्मा, बास. हजारो थिएटरांत एकाच शुक्रवारी लावायचा तर २००३मध्ये दुसरा मार्ग नव्हता. डिजिटल त्रिमितीची लाट २००५नंतरची.

निळसर
मार्ग नव्हता म्हणे! १९८४मध्ये 'माय डिअर कुट्टिचातन' हा मल्याळी त्रिमिती सिनेमा पोलराइज्ड चष्म्यानेच दाखवला. त्यात पोरं भिंतीवरून छतावर चालत जातात ते गाणं फिरत्या सेटवर घेतलंय. चष्मा काढून बघा, तरी भारीच वाटतं.

जुनाप्रोजेक्टर
'एकाच शुक्रवारी' हे दोन शब्द वाचायचे राहिले का? आणि पोलराइज्डमध्ये उजेडाचं काय होतं तेही सांगा की लोकांना. साध्या सिनेमाला पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्याच्या उजेडाचं माप) धरतात, त्रिमितीत चष्म्यामागे साडेचार मिळाले तरी नशीब. त्यात सरळ ध्रुवीकरण असेल तर मान कलली की दोन-दोन प्रतिमा. पोरं दीड तास मान ताठ ठेवून बसतात होय?

निळसर
वर्तुळाकार ध्रुवीकरणात मान कलली तरी काही बिघडत नाही. अर्धवट माहितीवर दामटू नका.

जुनाप्रोजेक्टर
ते तुमच्या त्या १९८४च्या चष्म्यात होतं का? चालू द्या.

दुधाळकाच
अवांतर, पण कुणी घरी डीव्हीडीवर बघून सिनेमाला शिव्या देत असेल तर थांबा. डीव्हीडीत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीच्या आडवी निम्मी आणि उभीही निम्मी साठवतात. एरवी ते डोळ्याला कळत नाही, पण इथे डावा-उजवा वेगळा करण्याचं काम रंगावरच आहे. तांबड्याची कड निळसरात पसरते आणि प्रत्येक आकाराला भूत, म्हणजे दुसरी फिकट प्रतिमा, चिकटतं.

चष्माही तपासून घ्या. पांढऱ्यावर शुद्ध लाल चौकोन काढा. तांबड्या काचेतून तो नाहीसा व्हायला हवा, निळसर काचेतून काळा दिसायला हवा. मंद लाल दिसला तर काच गळकी आहे. आणि चष्मा उलटा घातला तर जवळचं लांब, लांबचं जवळ. डोकं दुखायला तेवढंही पुरतं.

निळसर
+१. त्यात मुलांच्या डोळ्यांतलं अंतर कुणी धरतच नाही. मोठ्यांचं सरासरी ६३-६५ मिमी, लहान मुलांचं ५५च्या आसपास किंवा त्याहून कमी. १० मीटरच्या पडद्यावर २०४८ पिक्सेल धरले तर एक पिक्सेल जवळपास ५ मिमी. लांबची वस्तू दाखवताना दोन प्रतिमांत १३ पिक्सेलचं अंतर मोठ्यांना कसंबसं चालतं, पण तेवढ्यावर मुलाचे डोळे चक्क बाहेरच्या बाजूला फाकवावे लागतात. पोरांच्या सिनेमात ही मर्यादा ११ किंवा त्याखालीच हवी.

पॉपकॉर्नपंथी
आता सिनेमा बघायला फूटपट्टी नेतो. ठीक आहे बाबा, तांबडा-निळा चष्मा वाईट, दिलं लिहून. पण पोरांना हसू आलं ते खोटं का?

लोलक
हसू खरंच. पण २०११चा चौथा भाग आठवा. वासाचं कार्ड, १ ते ८ आकडे. पडद्यावर आकडा आला की तो घासून हुंगायचा. म्हणजे ऐन प्रसंगात पोराची मान खाली, अंधारात कार्डावर आकडा शोधतंय. पडद्यावरून नजर काढायची सोय सिनेमानेच करून दिली.

जुनाप्रोजेक्टर
त्या कार्डाला निदान चंदेरी पडदा लागत नाही.

दुधाळकाच
आणि डावं-उजवंही नाही.